पाखराचे मरण आणि आपण

२०२१ च्या जानेवारीत पाटोदा तालुक्यातील मुगावला कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लूची धास्ती बीड जिल्ह्यात घरोघरी पोहोचली. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे तर हा रोग कोंबड्यांत निघाला आणि परिसरातील कोंबड्या माराव्या लागल्या. अंडी खावीत की नाहीत, हे त्या दिवसांत मला कितीतरी लोकांनी विचारले. कोंबड्या मारतात कशा, हे एकानेही विचारले नाही. पशुवैद्यकाच्या नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला हे खटकते.

बैलाचा पाय मोडला की घरधनी दवाखान्यात धावत येतो. पाखराचे तसे नाही. मांजाने पंख तुटलेली घार टोपलीखाली झाकायची, शेजारी पाण्याची वाटी ठेवायची आणि ‘सुटेल बिचारी’ म्हणत दोन दिवस वाट पाहायची. याला आपण दया म्हणतो! कोणी धीट असला तर पाखरू पाण्यात बुडवतो. शिकलेल्या घरांत फ्रीजरचाही मार्ग सुचतो. दोन्ही प्रकार क्रूर आहेत, कारण जीव जाईपर्यंत पाखराला सारे कळत असते.

बरे होणे शक्यच नसेल, तर शास्त्राची रीत अवघड नाही. आधी गुंगी, मग शिरेतून पेंटोबार्बिटालचा जादा डोस. कोंबडी-कबुतराची मान सरावलेल्या हाताने एका झटक्यात निखळवणे हेही मान्य आहे. पण हात सरावलेलाच हवा. हजारो कोंबड्या मारायच्या असतील तर थकलेला हात चुकतो, म्हणून माणसे बदलत राहिली पाहिजेत. औषधाने मेलेले पाखरू मात्र खोल पुरावे, नाहीतर ते खाणारे कुत्रेही दगावते.

मोराची गोष्ट निराळी. नायगावचे मयूर अभयारण्य याच पाटोदा तालुक्यात. मोर कितीही तडफडत असला, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी हुकमाशिवाय त्याला संपवता येत नाही, आणि ते कार्यालय नागपूरला! कायदा योग्यच आहे. नाहीतर पिसांसाठी मारलेला प्रत्येक मोर ‘आजारी’ ठरेल. पण हुकूम येईपर्यंत वेदना कमी करणारे इंजेक्शन द्यायला कोणाची हरकत असावी?

तालुक्याच्या दवाखान्यात कुलूपबंद कपाटात हे औषध, भिंतीवर पक्ष्यांच्या वजनानुसार डोसाचा तक्ता आणि हात बसलेला एक माणूस, एवढेच मी मागतो. पुढच्या संक्रांतीआधी झाले तर बरे.