वाणाचे कूळ विचारलेच पाहिजे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. बियाण्याला मात्र तो लागू नाही. ज्या वाणाचे कूळ आपण सिद्ध करू शकत नाही, त्यावर उद्या दुसराच कोणी मालकी सांगतो, हा अनुभव आपण घेतला आहे.

हळदीचे प्रकरण सुपरिचित आहे. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’त घडलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने प्राचीन संस्कृत वचने आणि १९५३ सालचा वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. तेथे ग्रंथांनी साक्ष दिली.

वाणाच्या बाबतीत केवळ ग्रंथ पुरत नाहीत. २००३ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने मोन्सँटो कंपनीला एका गव्हावर पेटंट बहाल केले. त्या गव्हाचा गुण ‘नाप हाल’ या भारतीय वाणातून आलेला होता. कणकेला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेनिन प्रथिनांपैकी काही या वाणात नसतात. म्हणून त्याचे पीठ बिस्किटांना उपयुक्त. हरकती घेतल्या गेल्या आणि २००४ मध्ये हे पेटंटही रद्द झाले.

असे गुण कोठून आले, हे दाणाच सांगतो. त्यातील प्रथिने जेलच्या थरावर विद्युतप्रवाहाने विलग केली की आकारानुसार पट्टे उमटतात. संकरित वाणात मातापित्यांचे पट्टे ओळखू येतात. आता डीएनए चाचणीने ही ओळख अधिक नेमकी झाली आहे.

या चाचणीची मर्यादाही जाणली पाहिजे. ती कूळ सांगते, माती नव्हे. कलमांवर वाढलेला देवगडचा आणि कर्नाटकातला हापूस वंशाने एकच. माटुंग्याच्या बाजारातल्या पेटीचे गाव केवळ वंशचाचणीतून कळणार नाही. त्यासाठीच कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे महत्त्व.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. तुलनेसाठी मूळ नमुनाच जपलेला नसेल, तर उत्तम प्रयोगशाळाही हतबल ठरते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने नव्या वाणाची नोंदणी करताना त्याच्या मातापित्यांची माहिती देणे आवश्यक केले. शेतकऱ्यांना स्वतःच्या वाणांची नोंदणी करण्याचा आणि लाभात वाटा मागण्याचा हक्क दिला. परंतु जे वाण शेतातूनच नाहीसे झाले, त्याच्या वतीने हक्क कोण मागणार?

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शेकडो गावरान बियाणी जपली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री घोषित झाली. त्यांचा गौरव करून आपले कर्तव्य संपत नाही. मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांचे गाव अजून आहे. तेथे पूर्वी पिकणारा तांदूळ, वाल, ज्वारी आजही पेरली जाते का, याची चौकशी करावी. असल्यास बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीसाठी साहाय्य करावे. कागद भरणे, कृषी विद्यापीठाशी पत्रव्यवहार करणे, ही कामे सुशिक्षित शहरवासीयाला कठीण नाहीत. वारसा सांगायचा असेल, तर त्याचा पुरावा जपण्याचे कष्टही आपणच घेतले पाहिजेत.