घोषणा कोणाला बांधते?

पावसाळ्याबरोबर शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आधी तालुक्याच्या स्पर्धा, मग जिल्ह्याच्या, त्यातून तरले तर विभागाच्या, असा तो क्रम असतो. अलीकडे या हंगामाच्या तोंडावर एक नवीच तयारी होऊ लागली आहे. फुटबॉलचा संघ निवडण्याआधी त्याचे घोषवाक्य निवडले जाते. सदऱ्याच्या पाठीवर, फलकावर, मैदानाच्या कुंपणावर ते झळकते. 'एक संघ, एक ध्येय', 'हार आम्हांला ठाऊक नाही', 'संघात मी नसतो' ही त्यांतली काही नेहमीची. यांतले शेवटचे वाक्य तर इंग्रजीतल्या एका अक्षरकोटीचे भाषांतर आहे. 'टीम' या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांत 'आय' नाही, आणि 'आय' म्हणजे 'मी', एवढाच तो विनोद. मराठीत येताना कोटी गळून पडली आणि उपदेश तेवढा उरला: तू स्वतःला विसर. कोणासाठी विसरायचे, हे मात्र घोषवाक्यात सांगितलेले नसते.

विषय क्षुल्लक वाटेल. वसमतसारख्या गावात हळदीचा भाव, कालव्याचे पाणी आणि तरुणांची बेकारी हे प्रश्न समोर असताना साप्ताहिकाची जागा फुटबॉलच्या घोषणांवर का खर्च करावी, असे कार्यकर्ते विचारतील. परंतु याच तरुणांना 'संघभावना' या शब्दाचा पहिला अर्थ मैदानावर कळतो. पुढे हाच शब्द त्यांना कारखान्याच्या दारात भेटतो, कंत्राटी नोकरीच्या मुलाखतीत भेटतो आणि पक्षाच्या बैठकीतही भेटतो. तो पहिल्यांदा कोणत्या अर्थाने शिकवला गेला, यावर हे तरुण उद्या संघटित होतील की केवळ आज्ञाधारक होतील, हे बरेचसे अवलंबून आहे.

समाजवाद्यांना घोषणांचे वावडे असण्याचे कारण नाही. आपली चळवळ घोषणांवरच वाढली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी घेऊन १८८६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील कामगार रस्त्यावर आले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती पदरात पाडून घेतली. लोहियांच्या काळात 'संसोपा ने बाँधी गाँठ, पिछड़े पावें सौ में साठ' या घोषणेने उत्तरेचे राजकारण ढवळून काढले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकीत आकडा आहे: आठ तास, आठवड्याचा एक दिवस, शंभरात साठ. आकडा आला की हिशेब मागता येतो. शिवाय घोषणा देणाराही तिच्यात अडकतो. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीवर बोट ठेवून 'यातले साठ कुठे आहेत?' असे विचारण्याचा हक्क त्या घोषणेने अगदी साध्या कार्यकर्त्यालाही दिला होता.

घोषणेची कसोटी माझ्या मते एवढीच आहे: ती कोणाला बांधते? फक्त ऐकणाऱ्याला बांधत असेल तर तो हुकूम समजावा. देणारा आणि ऐकणारा अशा दोघांनाही बांधत असेल तर तो करार समजावा.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा एका बाजूने विचार केलेला आहे. १९७२ साली आल्चियन आणि डेम्सेट्झ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी सांघिक उत्पादनातील अडचण मांडली. अनेकांनी मिळून केलेल्या कामात प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजता येत नाही, म्हणून अंगचोरी करणारा सापडत नाही. त्यांचे उत्तर भांडवलशाही चौकटीतले होते. एक देखरेख करणारा असावा आणि सर्वांचे देणे भागवून उरलेले उत्पन्न त्याच्या हाती राहावे, म्हणजे तो डोळ्यांत तेल घालून पाहील. फुटबॉल हा या अडचणीचा उत्तम नमुना आहे. कडेने धावणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या बचावपटूला आपल्यामागे ओढून नेतो, मधली जागा मोकळी होते आणि गोल दुसराच करतो. पहिल्याचे नाव कोठेही लागत नाही. मग तो का धावतो? देखरेखीने पाय हलवता येतात, पण अशी धाव काढून घेता येत नाही. विजयात आपलाही वाटा आहे ही खात्री, आणि उद्या दुसराही आपल्यासाठी असाच धावेल हा विश्वास, या दोन गोष्टींनीच ती निघते. लिव्हरपूलचे विख्यात प्रशिक्षक बिल शँकली स्कॉटलंडमधील खाण कामगारांच्या वस्तीतून आले होते. आपला समाजवाद ते याच भाषेत सांगत: सर्वांनी एकमेकांसाठी राबावे आणि फळातही सर्वांचा वाटा असावा. घोषवाक्ये लिहिणारी मंडळी या वाक्याचा पूर्वार्ध उचलतात आणि उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळतात.

उत्तरार्ध गाळल्यावर काय होते, हे भारतीय फुटबॉलने नुकतेच पाहिले. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या करारावर, एका खाजगी उद्योगसमूहाच्या भागीदारीला दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली आणि 'लेट्स फुटबॉल' अशी हाक देशभर घुमू लागली. त्या हाकेत प्रेक्षक होता, ग्राहक होता, जाहिरातदार होता. कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही नूतनीकरण झाले नाही आणि जुलै २०२५ मध्ये येणारा हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. हंगामाची नवी तारीख ठरायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. 'आपण सारे एक कुटुंब' म्हणणाऱ्या क्लबांत संकटाची पहिली झळ कोणाला लागली, हे येथे दिसते. ज्यांना घोषणा ऐकवली जात होती त्यांनाच ती लागली.

सरकारचाही अनुभव वेगळा नाही. १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झाली आणि तिचे काही सामने नवी मुंबईत झाले. त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' हा कार्यक्रम झाला. एकाच दिवशी राज्यातील दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा, असा संकल्प सोडण्यात आला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. त्या उपक्रमाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या मुलाने आयुष्यात प्रथम खरा चेंडू पायाने मारला, त्याचा आनंद खराच होता. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान सांगितले आहे, वर्गागणिक खेळाचे साहित्य सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. कायदा वर्षाचा आहे, मोहीम एका दिवसाची होती. मोहिमेने मुलांना खेळायला बांधले. कायदा सरकारला बांधतो, म्हणून त्याचे फलक कोठे लागत नाहीत.

याच्या उलट बाजूला कोल्हापूर आहे. तेथील फुटबॉल जाहिरातीतून आला नाही, तो पेठांतून आणि तालमींतून उगवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावेच तालीम मंडळांची आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या वस्तीने पुढे फुटबॉलचा संघ बांधला आणि शाहू स्टेडियमवर त्याच्या मागे ती उभी राहिली. तेथे संघभावना शिकवण्यासाठी शिबिर भरवावे लागत नाही. खेळाडू ज्या गल्लीत राहतो तीच त्याची निवड समिती असते आणि तोच त्याचा प्रेक्षकही असतो. या चित्रालाही काळी किनार आहे. पेठेचा अभिमान अनेकदा हुल्लडबाजीवर उतरला आणि पैशाच्या बळावर बाहेरचे, प्रसंगी परदेशी खेळाडूही आणले जाऊ लागले. वस्तीशी असलेली बांधिलकी आपोआप समाजवादी होत नाही, हे आपण ओळखले पाहिजे. तरीही एवढे निश्चित की तेथे घोषणा आधी आणि संघ नंतर, असा उलटा क्रम नाही.

घोषणा आणि करार यांचा मेळ कसा बसतो, याचे आंतरराष्ट्रीय उदाहरण ब्राझीलमधील कोरिंथियन्स क्लबचे आहे. देशात लष्करी राजवट असताना १९८२ च्या सुमारास या क्लबच्या खेळाडूंनी, त्यांत सॉक्रेटिस हा शिकलेला डॉक्टर प्रमुख, क्लबचा कारभार मतदानाने चालवायला सुरुवात केली. सरावाच्या वेळा, सामन्याआधीचा मुक्काम, नव्या खेळाडूची भरती, सारे प्रश्न मताला टाकले जात आणि साहित्य सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे मत नामवंत खेळाडूच्या मताइतकेच मोजले जाई. हे आधी झाले. त्यानंतर नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या सदऱ्यांच्या पाठीवर '१५ तारखेला मतदान करा' अशी अक्षरे उमटली, आणि १९८३ मध्ये जिंकू वा हरू पण लोकशाहीसह, अशा आशयाचा फलक घेऊन ते मैदानात उतरले. १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षे त्यांनी साओ पावलो राज्याचे विजेतेपद मिळवले. त्या फलकाला वजन होते, कारण तो धरणारे हात क्लबमध्ये रोज मतदान करीत होते.

आपल्या घरातही डोकावले पाहिजे. 'विना सहकार नाही उद्धार' ही घोषणा सहकारी संस्थांच्या भिंतींवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी वाचली. भिंत रंगवली गेली, पण सभासदाचा आवाज वार्षिक सभेतल्या 'मंजूर, मंजूर'च्या गजरात बुडाला. उलट आपल्या खेड्यांतल्या सावडीला आणि इर्जिकीला कधी घोषवाक्य लागले नाही. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे, एवढाच तिचा नियम, आणि तो दोघांनाही बांधत असे. अर्थात ज्याच्याकडे बैल नव्हते तो या सावडीबाहेरच राहिला, आणि त्यांत भूमिहीन व दलित सर्वाधिक होते. संघ कोणाचा, हा प्रश्न म्हणून नेहमी पहिला विचारावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. तालुक्याच्या शाळेतील क्रीडाशिक्षकाकडे पैसा नसतो, मैदान धड नसते, जोडे नसतात. त्याच्याजवळ देण्यासारखे शब्दच असतात, तेही त्याने देऊ नयेत काय? जरूर द्यावेत. नागपुरात हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतील मुलांना गोळा करून 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळही फारसे काही नव्हते. परंतु त्यांनी शब्दांच्या जोडीला स्वतःचा वेळ दिला. शिक्षक मुलांसोबत उन्हात उभा राहतो तेव्हा त्याचा शब्द त्यालाही बांधतो. आपला राग त्याच्यावर नसावा. मैदान गिळून त्या जागी दुकानांचे गाळे बांधणाऱ्यांवर आणि मग स्वतःच्या नावाच्या चषकावर 'तरुणांनो, पुढे व्हा' असे कोरणाऱ्यांवर तो असावा.

म्हणून या हंगामात आपल्या कार्यकर्त्यांनी काही साधी पथ्ये पाळावीत. जेथे आपण संघ उभा करतो वा स्पर्धा भरवतो, तेथे घोषवाक्य खेळाडूंच्या सभेत ठरावे. त्या सभेत मुलींना आणि राखीव खेळाडूंनाही समान मत असावे. घोषवाक्याखाली त्याच फलकावर जमाखर्च लिहावा: वर्गणी किती, कोणाची, चेंडू किती घेतले, बक्षिसाची रक्कम कशी वाटली. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपले कार्यकर्ते पालकही आहेत. त्यांनी समितीच्या बैठकीत मैदानाचा आणि निदेशकाचा प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत प्रत्येक बैठकीत विचारत राहावे.

आणि घोषणा हवीच असेल, तर तीत आकडा असू द्या. 'प्रत्येक शाळेला एक मैदान, एक शिक्षक. प्रत्येक खेळाडूला निदान अर्धा सामना.' हिला यमक नाही आणि ती सदऱ्याच्या पाठीवर मावणारही नाही. पण पहिला अर्धा भाग सरकारला बांधतो, दुसरा आपल्याला, आणि मार्चअखेर हंगाम संपेल तेव्हा दोघांचाही हिशेब मांडता येईल.