विद्यापीठ मुंबईत, धावपटू मोखाड्यात : क्रीडा प्रशासनाचा हिशेब कोण मागणार?

मुंबई विद्यापीठाच्या कारभाराची चर्चा आपल्याकडे दोनच वेळा होते. निकाल रखडले की होते, नाहीतर सिनेटची निवडणूक आली की होते. सप्टेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत पदवीधर गटाच्या 10 जागांसाठी मतदान झाले आणि दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. वर्तमानपत्रांनी या निकालात मुंबईच्या राजकारणाचा कल शोधला. त्या निवडणुकीचे मतदार होते सुमारे 13 हजार 400. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरलेल्या, आठशेहून अधिक महाविद्यालये असलेल्या विद्यापीठाचे हे मतदार. दरवर्षी लाखाच्या घरात पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी किती जण या यादीत होते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

जव्हार-मोखाड्यातल्या पदवीधरांना विचारले तर बहुतेकांना सिनेट म्हणजे काय हेच सांगता येत नाही. नाव नोंदवायचे असते, त्यासाठी मुदत असते, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसते. पण विद्यापीठ कोण चालवते याचा परिणाम त्यांच्यावर होतच असतो. तो सर्वात स्पष्ट कुठे दिसतो, तर ज्या विभागाकडे कोणी लक्ष देत नाही तिथे, म्हणजे क्रीडा विभागात.

प्रभारी कारभाराची किंमत

आधी वरच्या खुर्चीचा हिशेब पाहू. 2017 मध्ये तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने लागू केली. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिकांचा प्रश्न होता. निकाल महिनोन्महिने लांबले, राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबर 2017 मध्ये कुलपती या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मधल्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे मुंबईचा अतिरिक्त कार्यभार होता. एप्रिल 2018 मध्ये डॉ. सुहास पेडणेकर आले. त्यांचा कार्यकाळ सप्टेंबर 2022 मध्ये संपला आणि पुन्हा कोल्हापूरच्याच कुलगुरूंकडे, या वेळी डॉ. दिगंबर शिर्के यांच्याकडे, कार्यभार गेला. जून 2023 मध्ये डॉ. रवींद्र कुलकर्णी यांची नियुक्ती झाली. म्हणजे 2017 ते 2023 या काळात दोन वेळा मिळून जवळपास दीड वर्ष हे विद्यापीठ प्रभारी कुलगुरूंच्या हाती होते.

सिनेटचेही तसेच. जुन्या सिनेटची मुदत 2022 मध्ये संपली. 2023 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेली निवडणूक अचानक स्थगित झाली. प्रत्यक्ष मतदान व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. त्या दोन वर्षांतले दोन्ही अर्थसंकल्प पदवीधरांच्या निर्वाचित प्रतिनिधींविनाच मंजूर झाले.

प्रभारी माणूस वाईट असतो असे नाही. पण दोन विद्यापीठे सांभाळणारा कुलगुरू रोजच्या फायली निकाली काढतो, परीक्षा पार पाडतो. पाच वर्षांनी फळ देणारे काम तो हाती घेत नाही. मैदान तयार करणे, प्रशिक्षक नेमणे, दूरच्या तालुक्यात स्पर्धा नेणे, खेळाडूंचा पाठपुरावा ठेवणे ही सगळी पाच वर्षांची कामे आहेत. निकाल थांबला तर मुले रस्त्यावर येतात. मोखाड्यातली एखादी मुलगी 1500 मीटरच्या शर्यतीला पोचली नाही तर कोणी मोर्चा काढत नाही.

कायद्यात मंडळ आहे, पाड्यावर काय आहे?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मध्ये क्रीडा आणि शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्यासाठी संचालकपद आहे. विद्यार्थी परिषदेतही खेळाच्या क्षेत्रातून प्रतिनिधी घेण्याची तजवीज आहे. कागद चांगला आहे. पण ज्या खुल्या विद्यार्थी निवडणुका हा कायदा परत आणणार होता, त्या अजून झालेल्या नाहीत.

आता हा कागद महाविद्यालयात कसा उतरतो ते पाहू. विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत धावायचे तर विद्यार्थ्याची प्रवेशिका महाविद्यालयामार्फत जावी लागते. ओळखपत्र, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, गुणपत्रिका, वयाचा पुरावा, प्राचार्यांची सही असा संच तयार करावा लागतो. हे काम शारीरिक शिक्षण संचालकाचे. राज्यात या पदांची भरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे. पद रिकामे असेल तर दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकावर ही जबाबदारी पडते. त्याला मुदत कळेपर्यंत मुदत संपलेली असते. मुंबईतल्या मोठ्या महाविद्यालयात जिमखान्याचे स्वतंत्र कार्यालय असते. ग्रामीण महाविद्यालयात कपाटाचा एक खण असतो.

पैसे मात्र दोन्हीकडचे विद्यार्थी भरतात. फीची पावती काढून पाहा. जिमखाना शुल्क आणि विद्यापीठाच्या क्रीडा-सांस्कृतिक उपक्रमांचे शुल्क असे रकाने तिथे सापडतील. मोखाड्यात रयत शिक्षण संस्थेचे, जव्हारमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. तिथली मुले हे शुल्क भरतात किंवा शासनाच्या शिष्यवृत्ती योजनांतून ते वळते होते. या पैशातला किती भाग कोणत्या तालुक्यातल्या खेळाडूंवर खर्च झाला, हे विद्यापीठ तालुकावार जाहीर करत नाही.

जिल्हावार आकडे दिले तरी भागणार नाही. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला आणि त्यात वसई-विरारही आले. वसईच्या महाविद्यालयांचे खेळाडू मोजले की पालघर जिल्ह्याची कामगिरी बरी दिसते. त्या बेरजेत मोखाडा शून्य असला तरी तो लपून जातो.

हंगाम कोणाचा?

सर्वात मोठी अडचण वेळापत्रकाची आहे आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

पावसाळ्यात या भागातले मैदान म्हणजे चिखल. जून ते सप्टेंबर सराव जवळपास बंद. पाऊस ओसरला की नागली, वरई आणि भाताची कापणी. त्याच सुमारास सत्र परीक्षा. दिवाळी झाली की गावे रिकामी होऊ लागतात. वीटभट्ट्या, वसई-भिवंडीकडची बांधकामे, नाशिककडच्या द्राक्षबागा. कुटुंब निघाले की महाविद्यालयात जाणारी मुलेही निघतात, कारण आगाऊ उचल घेतलेली असते आणि जास्तीचे दोन हात लागतात. विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स स्पर्धा आणि त्यानंतरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारण याच काळात, हिवाळ्यात येतात. म्हणजे मुंबईतल्या मुलासाठी जो खेळाचा हंगाम, तो मोखाड्यातल्या मुलासाठी स्थलांतराचा हंगाम.

स्पर्धेला गेलेच तर कसे जायचे? मोखाड्याहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या पुढे. कसाऱ्यापर्यंत एसटी किंवा जीप, तिथून लोकल. सकाळी आठची नोंदणी असेल तर आदल्या दिवशी निघावे लागते. मुक्काम कुठे? मुलगी असेल तर सोबत कोण? प्रवासखर्च नंतर बिल देऊन मिळतो, पण ज्याच्या घरात आज पैसे नाहीत त्याला नंतरची परतफेड उपयोगाची नाही. आमच्या कामाच्या गावांत अशी मुले-मुली भेटतात. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत धावलेली, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि विद्यापीठाची स्पर्धा कधी होऊन गेली ते माहीत नसलेली.

आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची मर्यादा साधारण 17 ते 25 वर्षे आहे आणि विद्यार्थी नियमित शिकणारा असावा लागतो. आमच्याकडे शिक्षणात एक-दोन वर्षांचा खंड पडणे नित्याचे आहे. त्यामुळे ही खिडकी आमच्या मुलांसाठी आणखी लहान होते. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते मिळवायचे तर आधी मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरावे लागते. स्पर्धेपर्यंतची वाटच बंद असेल तर हे आरक्षण कोणाच्या वाट्याला जाणार?

साखळी नेमकी कुठे तुटते

आदिवासी मुलांमध्ये उपजतच ताकद असते, ती डोंगरात वाढतात म्हणून धावतात, असे कौतुक अधिकारी भाषणात करतात. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे कौतुक खटकते. गुण रक्तात आहे म्हटले की व्यवस्थेची जबाबदारी संपते. हाच तो भाग, जिथे 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. डोंगर चढल्याने स्नायू कमावता येतात, पण त्यासाठी पोटात अन्न लागते.

शाळेच्या टप्प्यावर व्यवस्था थोडीफार उभी आहे. आदिवासी विकास विभाग आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय, विभागस्तरीय आणि राज्यस्तरीय क्रीडा स्पर्धा भरवतो. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथे मुलाला प्रवास, जेवण, मुक्काम याची चिंता नसते, म्हणून ते धावते. बारावीनंतर तेच मूल विद्यापीठाच्या यंत्रणेत येते आणि सगळा भार त्याच्या खिशावर पडतो. आश्रमशाळेने ओळखलेल्या खेळाडूंची यादी महाविद्यालयाकडे जात नाही, विद्यापीठाकडे तर नाहीच. दोन शासकीय यंत्रणांमधल्या या फटीत खेळाडू हरवतो.

ही फट भरता येते. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याचे उदाहरण आहे. हरसूल परिसर नाशिक जिल्ह्यात असला तरी मोखाड्याहून फार दूर नाही. डोंगर तोच, पीक तेच, पाण्याचे हालही तेच. कविताने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. 2012 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फरक काय पडला? तिची मेहनत होतीच, पण नाशिकमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षे एका जागी टिकून होते आणि गावातली मुलगी तिथे राहून सराव करू शकली. मोखाड्याच्या मुलीला तसा प्रशिक्षक आणि तशी राहण्याची सोय कुठे आहे?

विद्यापीठांचेही असेच. देशातल्या सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. तो अनेकदा पंजाबकडे गेला आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला. त्या विद्यापीठांनी खेळाला प्रशासनाचे मुख्य काम मानले. मुंबई विद्यापीठाकडे मरीन लाइन्सला ऐतिहासिक मैदान आहे, कलिन्याला मोठा परिसर आहे. नाही ते सात जिल्ह्यांचे भान.

प्रतिनिधित्वाचा जुना प्रश्न

हा वाद नवा नाही. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्ती विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मिळावे असा आग्रह धरला होता. उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे, अशी त्यांची भूमिका होती. नंतर 1946 मध्ये त्यांनी याच विद्यापीठाशी संलग्न सिद्धार्थ महाविद्यालय उभे करून ती भूमिका कृतीत आणली.

आज पदवीधरांच्या 10 जागांपैकी 5 राखीव आहेत आणि त्यातली 1 अनुसूचित जमातींसाठी आहे. ही मोठी गोष्ट आहे, तिची खिल्ली उडवू नये. पण त्या एका जागेसाठी मतदान करणारे कुठले? सात जिल्ह्यांतले, बहुतांश शहरातले नोंदणीकृत मतदार. मोखाड्यात आदिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असूनही, इथल्या पदवीधरांनी नोंदणीच केली नाही तर त्या प्रतिनिधीला इथे येण्याचे कारण उरत नाही. आपल्या समाजातल्या पदवीधर संघटनांनीही हे स्वतःला विचारावे. आपण नामांतर, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांसाठी लढलो. विद्यापीठाच्या मतदारयादीत नाव घालण्याची मोहीम आपण किती गावांत चालवली?

काय करता येईल

मागण्या अवघड नाहीत. नव्या कायद्याचीही गरज नाही.

पहिली, ठाणे-पालघर विभागाची किमान एक ॲथलेटिक्स स्पर्धा दरवर्षी जव्हार किंवा मोखाड्यात घ्यावी. खेळाडूला मुंबईला नेण्यापेक्षा पंचांना इकडे आणणे स्वस्त पडते.

दुसरी, आदिवासी तालुक्यांतल्या खेळाडूंचा प्रवास आणि भोजनखर्च आगाऊ द्यावा. मुलींसोबत महिला व्यवस्थापकाचा खर्च त्यात धरावा.

तिसरी, जव्हार प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांतल्या बारावी पास खेळाडूंची यादी दरवर्षी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला द्यावी आणि विभागाने त्यातले किती जण पुढे खेळले ते सांगावे.

चौथी, क्रीडा शुल्काचे उत्पन्न आणि खर्च तालुकावार संकेतस्थळावर टाकावा. तोपर्यंत माहितीचा अधिकार आहेच, 10 रुपयांत अर्ज करता येतो.

पाचवी, नव्या शैक्षणिक धोरणानुसार खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत. हे श्रेयांक फक्त सुसज्ज जिमखान्यांच्या महाविद्यालयांतल्या मुलांना मिळणार असतील तर विषमता थेट गुणपत्रिकेवर छापली जाईल. म्हणून रिक्त शारीरिक शिक्षण संचालकांची पदे आधी आदिवासी तालुक्यांत भरावीत.

नव्या सिनेटमध्ये बसलेल्या दहा जणांना आणि कुलगुरूंना आमचा प्रश्न एवढाच आहे की, येत्या डिसेंबरात विद्यापीठाच्या धावण्याच्या शर्यतीत मोखाड्याचे किती विद्यार्थी असतील? हा आकडा त्यांना आज सांगता येत नसेल तर तो मिळवण्याचे काम त्यांचे आहे. आणि तो पुन्हा पुन्हा विचारण्याचे काम आपले आहे. त्यासाठी पुढच्या नोंदणीच्या वेळी जव्हार-मोखाड्यातल्या प्रत्येक पदवीधराचे नाव मतदारयादीत असले पाहिजे.