अंगणातील फुलझाडे : हौस आणि जाण

घरापुढे चार फुलझाडे असावीत, ही हौस आपल्या लोकांत पूर्वापार आहे. परंतु हौस आणि जाण या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. रोपवाटिकेत बहरलेले रोप पाहावे, मोहून जाऊन ते घरी आणावे आणि महिन्याभरात त्याची वाळकी काडी उपटून टाकावी, हा प्रकार आज घरोघर दिसतो. मग ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून अंगणच फरशीने मढविले जाते. आमच्या मते दोष हाताचा नव्हे; झाडाला काय हवे हे न पाहता, आपल्याला जे आवडते ते त्याला देण्याचा आहे.

आपल्या गोमंतकाचीच परिस्थिती पाहा. माती बहुतेक ठिकाणी जांभ्याची. पाऊस सुमारे ३००० मिलिमीटर, आणि तोही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. येथे सर्व झाडांना एकच नियम लावून कसे चालेल? मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. थंडीत त्याचे पाणी तोडून छाटणी करावी, मग खत-पाणी द्यावे, म्हणजे उन्हाळ्यात तो कळ्यांनी लवतो. बोगनवेलीला मात्र पाण्याचा लाड सोसत नाही. रोज पाणी घातले तर नुसती पालवी फुटते, थोडी तहान सोसली की ती रंगाने पेटते. आपली अबोली किंचित सावलीत सुखावते. तिची सुकलेली बोंडे ओल लागताच तडकतात आणि बी आपोआप उडून रुजते. केरसुणी थोडी आवरली, तर पुढील वर्षीची रोपे फुकट मिळतात!

कुंडीतील झाडे बहुधा तहानेपेक्षा अतिपाण्यानेच मरतात. मुळांनाही हवा लागते. म्हणून कुंडीच्या तळाला भोक असावे, त्यावर कौलाचे तुकडे घालावेत, मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि बोटाने माती चाचपूनच पाणी द्यावे.

‘परदेशी झाडे नकोतच’ असे काहीजण आग्रहाने म्हणतात. हा आग्रह आम्हांस पटत नाही. ज्याच्यावाचून आपला दसरा साजरा होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. देवळापुढचा चाफाही अमेरिका खंडातूनच आला. झाडाचे कुळ विचारू नये. आपले ऊन, पाऊस आणि माती त्याला मानवते की नाही, एवढेच विचारावे.

विद्यार्थिमित्रहो, आज दसऱ्याचा झेंडू आपण बहुतांशी घाटापलीकडून विकत आणतो. पावसाळ्यात उंच वाफ्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी, लावलेले रोप सुमारे दोन महिन्यांत फुलते. जागा नसेल त्याने सज्जात एक कुंडी ठेवावी. आपल्या आवडीआधी दुसऱ्याची गरज ओळखणे, हा धडा पुस्तकातही आहे. परंतु एक झाड वर्षभर जगविणाऱ्याला तो पाठ करावा लागत नाही.