विश्लेषण : पदवीच्या अभ्यासात गाईड कुठे चालते, कुठे फसवते?

सत्र परीक्षेचे वेळापत्रक लागले की जळगाव आणि धुळ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो : 'या विषयाचे गाईड आले का?' नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले आणि हा प्रश्न वाढला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आता दुसऱ्या विद्याशाखेचाही विषय घ्यावा लागतो. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, आणि दोन श्रेयांकांच्या विषयाला शिकवण्याचे तास जेमतेम ३०. गाईडला नावे ठेवणे सोपे आहे. ते कोणत्या विषयात तारते आणि कोणत्या विषयात बुडवते, हे मात्र मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

गाईडशिवाय भागत का नाही?

कारण त्याची जागा घेणारे फारसे काही हाताशी नसते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रातील बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून शिकून आलेले आहेत. कोणाची घरची बोली अहिराणी, कोणाची लेवा, कोणाची पावरी किंवा भिलाऊ. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, पण त्यातली बरीच पुस्तके इंग्रजी, आणि असलीच तर ग्रंथालयात एखादी प्रत. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने १९७० च्या दशकात पदवीच्या विषयांची मराठी पुस्तके काढली होती. जुन्या ग्रंथालयांत ती अजून सापडतात, पण विषय पुढे गेले. ती पोकळी गाईडने भरली, हे मान्य करायला हवे.

त्यात हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि कापूस वेचणी एकाच हंगामात येतात. चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या गावांतून एसटीने येणारा मुलगा ऑक्टोबरात आठ-पंधरा दिवस शेतात असतो. बुडालेल्या तासांची वही कोणाकडे मागायची? दीडशे पानांत सगळा विषय देणारे पुस्तक त्याला आधाराचे वाटते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

हिशेबाच्या पेपरला गाईड बरे का?

लेखाकर्म, सांख्यिकी, गणित या विषयांत सोडवलेली उदाहरणे हीच खरी शिदोरी, आणि ती गाईडमध्ये भरपूर असतात. अट एकच. उत्तरावर कागद ठेवून आधी उदाहरण स्वतः सोडवायचे, ताळेबंद जुळला नाही की कुठे चुकले ते शोधायचे आणि मगच कागद उचलायचा. सोडवलेले उदाहरण नुसते वाचत गेले की सगळे समजल्यासारखे वाटते. परीक्षेत घसाऱ्याची नोंद कोणत्या बाजूला, इथेच पेन अडते. भौतिक-रसायनशास्त्राचेही थोडेफार तसेच, फक्त तिथे सूत्राची सिद्धता हाताने लिहून काढल्याशिवाय पाठ झाली असे समजू नये.

इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्रात हा हिशेब उलटतो. १८५७ च्या उठावाची कारणे गाईडमध्ये राजकीय, आर्थिक, धार्मिक, लष्करी अशा मुद्द्यांत येतात. पण त्याच वर्षी खान्देशात खाजा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. त्याआधी, १८२५ मध्ये, इंग्रजांनी धरणगावला भिल्ल पलटण उभारली होती. भिल्लांच्या एका हाती सरकारी बंदूक आणि दुसऱ्या हाती बंडाची, हे कसे घडले? हा प्रश्न मुद्द्यांच्या यादीत बसत नाही, आणि इतिहास म्हणजे नेमका असा प्रश्न. धुळ्यात तर वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. शहरातल्या पदवीच्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत एकदाही तिथे पाऊल ठेवले नसेल, तर दोष एकट्या गाईडचा नाही.

बहिणाबाईंचाही सारांश?

सर्वाधिक नुकसान होते ते भाषा आणि साहित्यात. ज्यांच्या नावाने विद्यापीठ आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि इतरांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आल्या. ती बोली आसोदा-जळगाव भागातल्या घरांत आजही कानावर पडते. तरी तिथलाच विद्यार्थी गाईडमधून 'बोलीभाषेचा प्रभावी वापर', 'ग्रामीण जीवनाचे वास्तव दर्शन' अशी वाक्ये पाठ करतो. कविता त्याच्या आजीच्या तोंडची आहे, उत्तर मात्र कोणाच्याच तोंडचे नाही. एकदा मोठ्याने वाचली आणि आजीला दोन शब्दांचे अर्थ विचारले, तर या पेपरासाठी त्याला गाईड उघडायचीही गरज पडणार नाही. उघडायचेच असेल तर शेवटी, आपले काय सुटले ते पाहायला.

जुने गाईड किती महागात पडते?

सेकंडहँड गाईड निम्म्या किमतीत मिळते, पण काही विषयांत त्यातली माहिती मृत असते. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले. वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. जुन्या गाईडमधून करप्रणाली पाठ करणारा विद्यार्थी मन लावून चूक पाठ करत असतो. अभ्यासक्रम बदलला तर नुसते मुखपृष्ठ बदलून आतला मजकूर तसाच ठेवलेली पुस्तकेही बाजारात येतात. म्हणून विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम काढून अनुक्रमणिकेशी घटक ताडून पाहावेत. दहा मिनिटांचे काम आहे.

मराठीत दुसरे काय आहे?

पुष्कळ आहे, आणि बरेचसे फुकट. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तके समोर शिक्षक नाही हे गृहीत धरूनच लिहिलेली असतात : घटकाची उद्दिष्टे, मजकूर, मध्येच स्वतःला तपासायचे प्रश्न. गाईडने जे असायला हवे होते ते हेच. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. तो उभारणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. अनोळखी विषयाची एखादी संकल्पना अडली, तर गाईडच्या चार ओळींपेक्षा विश्वकोशातली नोंद आधी वाचावी.

गाईडवर पदवी मिळते, हे खरेच आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येत असतील तर का मिळू नये? अडचण पुढे येते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. खान्देशातल्या मुलांना या परीक्षेची ओढ आहे, आणि तिथे ठरावीक उत्तर चालत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी प्रत्येक पेपरात एक तरी प्रश्न असा घालावा, ज्याचे उत्तर कोणत्याच गाईडमध्ये तयार नसेल.

महाविद्यालयांना आणखी एक गोष्ट करता येईल. प्रत्येक विभागाने नेमून दिलेल्या पुस्तकांतली गरजेपुरती प्रकरणे निवडून त्यांचा झेरॉक्स संच ग्रंथालयात ठेवावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स केंद्राविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा अध्यापनासाठी असे संच करणे स्वामित्व हक्क कायद्यात बसते, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र कोणती प्रकरणे घ्यायची हे ठरवायला विभागात शिक्षक हवा. तासिका तत्त्वावरचा शिक्षक अनेकदा सत्र अर्धे सरल्यावर रुजू होतो, आणि तोवर दुकानातली गाईडची पहिली खेप संपलेली असते.