सही कोणाची?

मोटारीचे भवितव्य आता कारखानदारांच्या हाती राहिले नसून संगणक-कंपन्यांच्या हाती गेले आहे, हे मत हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या ठामपणे मांडले जाते, की त्यावर शंका घेणारा मनुष्य बैलगाडीच्या युगातला ठरावा. नवे यंत्र आधी रस्त्यावर येऊ द्या, कायदे मागाहून करता येतील, हा या मताचा इत्यर्थ. त्याच्या पूर्वार्धाशी माझे भांडण नाही. उत्तरार्धाला मात्र कडवा विरोध आहे.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे आधी नोंदवतो. माणूस थकतो, डुलकी घेतो, मद्य पिऊन मोटार हाकतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यंत्राने हा आकडा कमी होणार असेल तर त्याला आडकाठी करणे हे पाप होय. मान्य. परंतु यंत्राच्या हातूनही जी माणसे मरतील, त्यांचा जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नाही.

ते उत्तर आधी न ठरवल्यास काय होते, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने दाखवून दिले आहे. २०१६च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाने उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारींची नोंदणी रद्द केली, तेव्हा ॲरिझोनाने त्यांचे खुल्या मनाने स्वागत केले. १८ मार्च २०१८च्या रात्री टेम्पी शहरात त्यांपैकी एका मोटारीने, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला ठार केले. यंत्राला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ते तिला कधी मोटार, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल समजत राहिले. नेमलेल्या जागेखेरीज कोठेही माणूस रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्याच्या रचनाकारांनी धरली नव्हती! मूळ मोटार व्होल्वोची. तिला आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक होता; कंपनीची यंत्रणा चालू असताना तो बंद राहील, अशी योजना होती. देखरेखीस पूर्वी दोन माणसे बसत. त्यांतले एक कमी केलेले होते. उरलेली बाई फोनवर करमणुकीचा कार्यक्रम पाहत होती. तिची चूक लहान नव्हे.

पण पुढे काय झाले? २०१९च्या मार्चमध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी दायित्व येत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी केंद्रीय तपास मंडळाने त्या बाईच्या दुर्लक्षाबरोबरच कंपनीच्या अपुऱ्या सुरक्षा-व्यवस्थेवर आणि राज्याच्या ढिल्या देखरेखीवरही बोट ठेवले. तथापि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती एकटी पगारी बाई. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांची परिवीक्षा भोगण्यास ती पात्र ठरली. कंपनीने मृत स्त्रीच्या कुटुंबीयांशी तडजोड केली आणि २०२० साली तो विभागच विकून टाकला.

ज्यांचे आयुष्य टिपणांखाली आद्याक्षरे करण्यात गेले, अशा आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. निर्णय वर होतो आणि चौकशी खालून सुरू होते. परंतु आपल्या फाइलीचा एक गुण आहे: वरचा शेराही तिच्यावर कायम राहतो. यंत्राच्या निर्णयाखाली मात्र कोणाचेच आद्याक्षर नसते. आणि ज्या चुकीखाली वरिष्ठाची सही नाही, ती चूक दुरुस्त करण्याची निकडही वर कोणाला भासत नाही.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नव्हे. आपल्या १९८८च्या मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली 'दोन-बी' हे कलम घालण्यात आले. संशोधनास व नवनिर्मितीस उत्तेजन देण्यासाठी काही वाहनांना या अधिनियमाच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला मिळाला. त्याच सुधारणेने सदोष वाहने निर्मात्याला परत घ्यावयास लावण्याचीही तरतूद केली. म्हणजे एका हाताने उत्तरदायित्व बांधले आणि दुसऱ्या हाताने ते सोडवण्याची वाट ठेवली. २०२३ साली केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी चालकरहित मोटारींना विरोध दर्शवला, तो चालकांच्या पोटापाण्याच्या काळजीने. ती काळजी रास्तच आहे. पण विरोध तेवढ्यावरच उभा असेल, तर नोकऱ्यांची सोय लागताच तो मावळेल आणि जबाबदारीचा प्रश्न तसाच राहील.

जबाबदारीच्या ओझ्याने कल्पकता मरते, असे म्हणणाऱ्यांनी व्होल्वोचाच इतिहास पाहावा. त्या कंपनीच्या अभियंत्याने १९५९ साली तीन टोकांचा आसनपट्टा सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे एकस्व इतर कारखानदारांना खुले केले. स्वयंचलित स्थितीत आमची मोटार चुकली तर भरपाईची जबाबदारी आमची, असे २०१५ साली जाहीर करणारी कंपनीही हीच. ब्रिटनने २०२४ साली संमत केलेल्या कायद्यात तर मोटार स्वतः चालत असतानाच्या वर्तनाचा भार आत बसलेल्या माणसावरून काढून मान्यताप्राप्त संस्थेवर ठेवला आहे.

आपणही एवढेच मागावे. 'दोन-बी'खाली अशा मोटारीला सूट देणाऱ्या प्रत्येक आदेशात, ती मोटार चुकल्यास न्यायालयात उभा राहील अशा कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे, आणि त्याखाली त्याची सही असावी. सहीवाचून आपल्या कचेरीत पेन्सिलींचा डबादेखील मिळत नाही. मग माणसांनी भरलेला रस्ता कोणाला का मिळावा?