सगळ्यातलं थोडं थोडं

‘मॅनेजमेंट, पण कशातलं?’ एमबीएला निघालेल्या मुलाला वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. फायनान्स म्हटलं की त्यांना बँक दिसते, मार्केटिंग म्हटलं की टूथपेस्ट. जनरल मॅनेजमेंट म्हटलं की काहीच दिसत नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमची भिस्त मात्र या न दिसणाऱ्या गोष्टीवरच. हार्वर्डच्या मदतीने तिथे केस पद्धत रुजली. पहिल्या वर्षी हिशेब, संख्याशास्त्र, विक्री, उत्पादन, माणसांचं वागणं, सगळं सगळ्यांना सक्तीचं. आवडीचे विषय दुसऱ्या वर्षी. रात्री केस वाचायची. त्यात कुणी व्यवस्थापक कोंडीत सापडलेला, हाताशी आकडे अपुरे. आणि सकाळी वर्गात प्राध्यापक कुणालाही उठवून विचारणार, त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं? ‘अजून माहिती हवी’ म्हणून सुटका नाही. वर्गात बोलण्यालाही गुण, त्यामुळे मुद्दा नसताना हात वर करणारे वीर निपजतात (पुढे मीटिंगांमध्ये ते आपल्याला भेटतातच). माझी खरी तक्रार वेगळी आहे. केसमधली कोंडी कुणीतरी आधीच शोधून, पानांत बसवून दिलेली असते. कारखान्यात ती साहेबालाच हुडकावी लागते, आणि ज्यांना ती ठाऊक असते ते फोरमन बहुधा गप्प असतात. गंमत म्हणजे, एवढं करून २०१८ मध्ये आयआयएम कायदा लागू होईपर्यंत हाती पडायची ती पदविकाच. नोकरी देणाऱ्यांचं पदवीवाचून काही अडलं नाही. लग्न जमवणाऱ्यांचंही नाही.